कॅम्पस ड्राइव्हला जाताय? गटचर्चेचा सराव आधी करा

मोठ्या कंपनीची कॉलेजातली भरती सकाळी ॲप्टिट्यूडच्या (गणित आणि तर्काच्या) परीक्षेने सुरू होते आणि एचआरच्या (मनुष्यबळ विभागाच्या) मुलाखतीपर्यंत संध्याकाळ होते. बरीच मुलं गणितं सोडवण्यातच रात्री घालवतात आणि गटचर्चेत अडखळतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

सरावासाठी ८ मित्र जमवा. विषय त्या दिवशीच्या पेपरातून घ्या, मोबाइलवर १५ मिनिटांचा टायमर लावा. नवव्याने बाजूला बसून फक्त नोंद करायची: कोण किती वेळा बोललं, कोणी कुणाचं वाक्य तोडलं. सर्वांत आधी बोलायची घाई नको. दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणं, गप्प बसलेल्याला बोलतं करणं, हेही परीक्षक टिपतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. छोटी, पूर्ण वाक्यं बोलावीत.

प्रोजेक्टबद्दल ‘आम्ही केलं’ म्हटलं की ‘त्यात तू काय केलंस?’ हा प्रश्न आलाच समजा. स्वतःचा वाटा २ मिनिटांत सांगता यायला हवा.

फेऱ्यांमध्ये तासन्‌तास थांबावं लागतं. डबा, पाणी, मार्कशीटच्या प्रती आदल्या रात्रीच भरून ठेवा. मुलाखत देऊन आलेल्यांना घेरू नका. त्याने धडधडच वाढते.