कंपनीच्या व्हेंचर विभागात जाताय? पुढच्या फेरीचे पैसे कुठून येणार ते आधी विचारा

सोलापुरातून एमबीए करून पुण्याला जाणाऱ्या मुलांचे हल्ली फोन येतात, "दादा, एका मोठ्या कंपनीच्या व्हेंचर विभागात ऑफर आहे, घेऊ का?" म्हणजे कंपनीच्या पैशाने स्टार्टअपमध्ये गुंतवणूक करणारा विभाग. टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटींचा कागद), कॅप टेबल (कुणाचा किती हिस्सा याचा तक्ता), ड्यू डिलिजन्स (पैसे घालण्याआधीची तपासणी) तुम्हाला येतं असं धरतो. जे कुणी शिकवत नाही, तेवढंच लिहितो.

मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका उद्योगसमूहाच्या गुंतवणूक विभागात होतो. स्टार्टअपमध्ये पैसे लावायचे आणि त्यांचं तंत्रज्ञान आपल्या कारखान्यांत आणायचं, असा बेत होता. बेत चांगला होता, निवडलेले स्टार्टअपही बरे होते. तरी विभाग गुंडाळला गेला, आणि ते अजून मनाला लागतं. कारण एकच: आमचे पैसे वेगळ्या फंडात नव्हते, कंपनीच्या वार्षिक बजेटमध्ये होते.

हे नीट समजून घ्या. समजा, कंपनीने ४ कोटी घातले आणि गुंतवणुकीनंतर स्टार्टअपचं मूल्य २० कोटी धरलं. म्हणजे हिस्सा २० टक्के. दीड वर्षाने स्टार्टअप पुढची फेरी काढतो, म्हणजे गुंतवणूकदारांकडून पुन्हा पैसे उभे करतो: आधीचं मूल्य ३० कोटी, नवे १० कोटी. तुम्ही काहीच घातलं नाही तर तुमचे २० टक्के १५ वर येतात. हिस्सा टिकवायला त्या नव्या १० कोटींतले २ कोटी तुम्ही घालावे लागतात. हे २ कोटी पहिला चेक फाडतानाच बाजूला ठेवायचे असतात. आमच्याकडे ते दर मार्चमध्ये नव्याने मागावे लागत. त्या वर्षी सुताचे भाव चढले, टॉवेलच्या निर्यातीत काही उरेना, आणि पहिली कात्री आमच्यावर चालली.

हिस्सा घटला हे नुकसान त्यातल्या त्यात लहान. बाहेरचा गुंतवणूकदार स्टार्टअपला पहिला प्रश्न विचारतो, "तुमच्यात आधी पैसे घातलेली कंपनी या फेरीत येतेय ना?" नाही म्हटलं की तो धरून चालतो की आतल्यांना काहीतरी खोट दिसली आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्याकडे दोन मुलं यंत्रमागावर कॅमेरा बसवून टॉवेलमधले दोष पकडत होती. काचेवर तासाभरात रुई साचायची, मग एक जण शिडीवर चढून फडक्याने ती पुसायचा. हवेच्या झोताने काच आपोआप साफ ठेवायची जोडणी त्यांनी कागदावर तयार केली होती. ती बसवायचे पैसे पुढच्या फेरीतून येणार होते. ती फेरी झालीच नाही.

या धंद्यात बुडणारे लवकर बुडतात, कमावणारे उशिरा कमावतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षी कुठल्याही कंपनीचा हिशेब वाईटच दिसतो, आणि नेमके तेव्हाच संचालक प्रश्न विचारू लागतात. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने झोमॅटोत पहिले पैसे २०१० मध्ये घातले, पुढच्या फेऱ्यांतही घालत राहिली, आणि झोमॅटोची शेअर बाजारात नोंदणी झाली ती जुलै २०२१ मध्ये. अकरा वर्षं कळ काढायची तयारी वरच्या खुर्चीत नसेल तर खालच्यांची हुशारी वाया जाते.

नफा झाला म्हणजे विभाग टिकतो, असंही नाही. झेरॉक्सने १९८९ मध्ये ३ कोटी डॉलरचा फंड काढला, त्याने उत्तम परतावा दिला, तरी १९९६ मध्ये तो बंद केला. फंड चालवणाऱ्यांना नफ्यात वाटा होता आणि तो मूळ कंपनीतल्यांना खुपत होता. उलट वाटा दिलाच नाही तर चांगली माणसं चार वर्षांत स्वतंत्र फंडांकडे जातात. चिप बनवणाऱ्या इंटेलची गुंतवणूक शाखा इंटेल कॅपिटल १९९१ पासून चालू आहे, पण जानेवारी २०२५ मध्ये तिलाही वेगळी काढण्याची घोषणा झाली, आणि इंटेलमध्ये नवे प्रमुख आल्यावर तो बेत मागे पडला. इतक्या जुन्या विभागाचं भवितव्यसुद्धा खुर्चीवरचा माणूस बदलला की हलतं. म्हणून फंडाची रक्कम आणि मुदत संचालक मंडळाच्या ठरावात लिहिलेली हवी, एका साहेबाच्या उत्साहावर नको.

पायलटचंही बघा, म्हणजे स्टार्टअपचं तंत्रज्ञान कारखान्यात आधी छोट्या प्रमाणावर वापरून बघण्याचं. प्लांट हेडला उत्पादनाचा आकडा गाठायचा असतो. माग थांबला तर तो तोटा कुणाच्या नावावर, हे आधी ठरलेलं नसेल तर तो "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत राहणार. त्यात त्याची चूक नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. तीन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालवू नका. ज्याने स्वतः एकही गुंतवणूक बुडताना पाहिली नाही, अशा मेंटॉरकडून शिकू नका. त्यापेक्षा कंपनीतल्या जुन्या अकाउंटंटशी ओळख वाढवा. पैसा कुठे अडतो ते त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

घाबरू मात्र नका. पुण्या-मुंबईची मुलं सफाईदार इंग्रजीत प्रेझेंटेशन करतील, पण यंत्रमागाच्या आवाजात कामगाराशी बोलून काय अडतंय ते काढून घेणं तुम्हाला जमतं. या कामात त्याला खरी किंमत आहे.

मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: पैसे फंडात आहेत की बजेटमध्ये, पुढच्या फेऱ्यांसाठी किती राखून ठेवलेत, आणि पायलटचा खर्च कोण उचलतो. उत्तर "दरवर्षी बघतो" असं आलं तरी शिकण्यासाठी नोकरी घ्यायला हरकत नाही. फक्त कुठल्याही संस्थापकाला पुढच्या फेरीचा शब्द देऊ नका.