केमोथेरपीच्या काळात स्नायूंची झीज कशी रोखावी

केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाची प्रकृती घरातली माणसे बहुधा वजनकाट्यावरून जोखतात, आणि तिथेच फसगत होते. पायांवर सूज आली, पोटात पाणी साठले किंवा स्टेरॉइडमुळे चरबी वाढली, तर स्नायू झिजत असतानाही काटा हलत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांमध्ये तर वजन वाढत असताना मांड्यांतली ताकद कमी होत जाते. म्हणून आठवड्याच्या वजनासोबत आणखी एक नोंद ठेवावी. हात छातीवर बांधून खुर्चीतून ५ वेळा उठावे व बसावे आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. १५ सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे ताकद घटल्याचे लक्षण मानले जाते. अर्थात, तोल जाणाऱ्या रुग्णाने शेजारी कोणी उभे असल्याखेरीज हे करू नये.

ही झीज अनेक बाजूंनी होते. कर्करोगामुळे शरीरात दाह वाढतो. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन यांसारखी औषधे स्नायूपेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना इजा करतात. उलटी थांबवण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन वारंवार घ्यावे लागल्यास मांड्यांचे स्नायू अशक्त करू शकते. त्यात मळमळ, तोंडातील फोड आणि अंथरुणावरचे दिवस यांची भर पडते. औषधे बदलणे आपल्या हाती नाही. आहार आणि हालचाल मात्र बऱ्याच अंशी आहे.

आहारात पहिला हिशेब प्रथिनांचा करावा. दर किलो वजनामागे दिवसाला १ ग्रॅमहून अधिक, आणि जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत, अशी शिफारस आहे. ५० किलोच्या व्यक्तीसाठी हे ५० ते ७५ ग्रॅम होतात. पचायला हलके म्हणून दिली जाणारी तांदळाची पेज, साबुदाण्याची लापशी आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली शहाळी यांतून प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत. त्याउलट २ अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६ आणि ५० ग्रॅम पनीरमधून ९ ग्रॅम मिळतात. उरलेली गरज घट्ट वरण, पिठले, मासे किंवा चिकन यांतून भागवता येते. पेजच द्यायची असेल तर ती मुगाच्या डाळीची करावी आणि दुधात दूधपावडर मिसळावी. एका वेळी भरलेले ताट पुढे ठेवण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडे द्यावे. पांढऱ्या पेशी कमी असताना अंडी पूर्ण शिजवावीत आणि घरी विरजलेले दही चालेल का, हे विचारून घ्यावे. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

मात्र प्रथिने नुसती खाऊन भागत नाही, स्नायूंना कामही द्यावे लागते. ‘तू फक्त आराम कर’ हा मायेचा सल्ला इथे नुकसान करतो. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि पाण्याची छोटी बाटली हातात घेऊन कोपर वाकवणे, असे व्यायाम प्रत्येकी ८ ते १० वेळा करावेत. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालण्याचे ध्येय ठेवावे. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन फेरफटकेही चालतात. सलाइन लागल्यानंतरचे पहिले काही दिवस घरातल्या घरात चालणेसुद्धा पुरे. २१ दिवसांच्या सायकलमध्ये, म्हणजे केमोच्या एका फेरीत, तिसऱ्या आठवड्यात बहुधा हुशारी येते, तेव्हा व्यायाम वाढवावा.

हाडांमध्ये आजार पसरला असेल, प्लेटलेट्स खूप कमी असतील किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी परवानगी घ्यावी. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांमुळे तळपाय बधिर झाले असतील तर घट्ट बसणारे बंद बूट घालूनच चालावे. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेल्यास व्यायाम थांबवून लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा.

केमोचा डोस सहसा उंची आणि वजन यांवरून ठरतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे कळत नाही. स्नायू कमी असलेल्या रुग्णांना दुष्परिणामांचा त्रास अधिक होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक सायकलआधी नोंदींची वही डॉक्टरांना दाखवावी, आणि सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले असेल किंवा खुर्चीतून उठायला लागणारा वेळ वाढत असेल, तर आहारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे पाठवण्याची विनंती स्वतःहून करावी.