लेगो विकताय? किलोच्या भावाने देऊ नका

मुलगा अकरावीत गेला, लेगो माळ्यावर पडून होतं, या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढलं. आधी त्यालाच विचारा बरं का, काय ठेवायचंय ते, आमच्याकडे एक मोडकी फायर ब्रिगेडची गाडी राहिलीच. मग सेट वेगळे करा, खोका नसला तरी पुस्तिकेच्या कव्हरवर नंबर असतो, तो ब्रिकलिंक या लेगो खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर टाकला की कुठले पार्ट किती आणि साधारण काय भाव चाललाय ते कळतं. पुस्तिका हरवली असेल तर लेगोच्या साइटवर फुकट मिळते. छोटी माणसं केस, हेल्मेट, तलवारीसकट जोडून वेगळी ठेवा, त्यांना मागणी खूप. ओरिजिनल ठोकळ्याच्या प्रत्येक बटणावर लेगो लिहिलेलं असतं, डुप्लिकेट त्यात मिसळू नका, घेणारा लगेच ओळखतो. धुवायचे तर ४० डिग्रीच्या आतलं कोमट पाणी, मोटर-बॅटरीवाले सोडून, आणि सावलीत वाळवा, उन्हात पांढरे पिवळे पडतात. आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाका, बाहेरचं कोणी असेल तर वाशी स्टेशनसारख्या गर्दीच्या ठिकाणी भेटा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, कोणी मागितला तर सरळ ब्लॉक करा.