नर्सिंग झालं, आता पहिली नोकरी: अर्जापासून रुजू होईपर्यंत

नव्या नर्सचा बायोडेटा हातात घेतला की नर्सिंग सुपरिटेंडंटच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: रात्रपाळीला हिच्या भरवशावर पेशंट सोडता येतील का? ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड’ या ओळी सगळ्यांच्याच बायोडेटात असतात आणि त्यातून उत्तर काही मिळत नाही. तेव्हा पुढची सगळी तयारी त्या एका प्रश्नाला धरून करा.

कागदपत्रांना शेवटच्या सत्रातच हात घाला. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नसेल तर नर्स म्हणून स्वतंत्र ड्युटी मिळत नाही, आणि तो नंबर हाती यायला वेळ लागतो. घोडं अडतं ते बहुधा नावावर. एका प्रमाणपत्रावर मधलं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर स्पेलिंगच वेगळं. सगळे कागद शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती करायची असेल तर कॉलेजशी संबंध आहे तोवर ती सोपी जाते.

लसींचंही तसंच. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस: दुसरा पहिल्यानंतर एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांत अँटीबॉडी टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिकारशक्ती तयार झाली ते, तपासतात. तो १० mIU/mL किंवा जास्त हवा. ऑफर आल्यावर सुरुवात केली तर अर्धं वर्ष त्यातच जातं. बीएलएसच्या (बेसिक लाइफ सपोर्ट प्रशिक्षणाच्या) कार्डावरची मुदत पाहून ठेवा, ते साधारण दोन वर्षं चालतं.

बायोडेटात ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘फ्रेशर’ लिहून मोकळं होऊ नका. क्लिनिकल पोस्टिंग हाच तुमचा अनुभव, फक्त तो नीट मांडायला हवा. ‘सर्जिकल वॉर्डमध्ये काम केले’ याने काही कळत नाही. ‘सर्जिकल वॉर्ड, ३० खाटा, ८ आठवडे, एका वेळी ४ पेशंट, ड्रेसिंग, कॅथेटर केअर आणि रायल्स ट्यूब फीड स्वतः, कॅन्युला देखरेखीखाली, सेंट्रल लाइन टाकताना पाहिली’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुम्ही कुठे उभ्या आहात ते लगेच समजतं. स्वतः केलं, देखरेखीखाली केलं आणि पाहिलं, या तिन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. पाहिलेलं ‘केलं’ म्हणून लिहिलं, तर मुलाखतीतला दुसराच प्रश्न ते उघडं पाडतो. आकडे लॉगबुकातून घ्या, आठवणीतून नको.

अर्जाची सर्वांत चांगली जागा म्हणजे जिथे शेवटची पोस्टिंग झाली तो वॉर्ड. तिथल्या इन्चार्ज सिस्टरनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं. संदर्भासाठी त्यांना पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यातच विचारा. सहा महिन्यांनी त्यांना चेहरासुद्धा आठवेलच असं नाही. ‘दोन वर्षांचा अनुभव’ मागणाऱ्या जाहिरातीत जागा जनरल वॉर्डची असेल तर अर्ज करून पाहायला हरकत नाही. आयसीयूची असेल तर आधी प्रशिक्षण किती आठवड्यांचं ते विचारा. ते नसेल, तर तिथला पगार चांगला असला तरी नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं आमचं मत आहे.

मुलाखतीत हिशोब हमखास येतो. ५०० मिली सलाईन ८ तासांत, मिनिटाला किती थेंब? इथे आधी ‘सेट कितीचा?’ असं उलट विचारायचं, कारण थेंबांचा आकडा सेटवर ठरतो आणि तो पाकिटावर छापलेला असतो. २० चा, म्हणजे एका मिलीचे २० थेंब पाडणारा असेल तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे सुमारे २१. मायक्रोड्रिपला ६० धरायचे, उत्तर ६२-६३ वर जातं. चूक होते ती तासांची मिनिटं करायची राहून गेल्याने.

मग प्रसंग विचारतात. रक्त सुरू करून दहा मिनिटं झाली आणि पेशंटला थंडी वाजून आली, काय कराल? बहुतेक जण ‘डॉक्टरांना कळवेन’ इथून सुरुवात करतात. तेवढ्या वेळात रक्त आत जातच असतं! आधी रक्त बंद. कॅन्युला काढायची नाही. नवीन सेट लावून नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेवायची. मग व्हायटल्स, डॉक्टरांना फोन, पिशवीवरचं लेबल आणि पेशंटची ओळख पुन्हा ताडून पाहणं, आणि पिशवी सेटसकट ब्लड बँकेकडे. पोटॅशियम क्लोराइडचा प्रश्न आला तर ‘पातळ न करता थेट शिरेत कधीही नाही’ हे आधी सांगा, बाकीचं नंतर. एखादं औषध माहीत नसेल तर ‘खात्री केल्याशिवाय देणार नाही, सिनियरना विचारेन’ हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने डोस सांगणारी नर्स कुणालाच नको असते.

तुमची विचारायची वेळ आली की मान हलवून उठू नका. सिनियरच्या जोडीने किती आठवडे काम? एकटीने रात्रपाळी कधीपासून? रात्री एका नर्सकडे किती पेशंट? माणसं कमी पडली की दुसऱ्या वॉर्डात पाठवतात का, आणि नव्या नर्सलाही का? ‘बघू, हळूहळू जमेल’ असं उत्तर आलं तर समजा, तिथे शिकवायची सोय नाही. जमलं तर ड्युटी बदलायच्या वेळी वॉर्ड पाहायची परवानगी मागा. हँडओव्हर खाटेपाशी, चार्ट हातात घेऊन होतो की काउंटरवर घाईघाईत, हे पाच मिनिटांत दिसतं.

तोंडी कबूल झालेलं सगळं ऑफर लेटरमध्ये उतरलंय का ते बघा: प्रशिक्षणाचा काळ, पगार, रजा, नोटीस पीरियड. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती भरायचे, हे आकड्यात लिहून घ्या. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवायची, जमा करायच्या त्या प्रती.