दुकानाची आगोट

मे महिना लागला की आमच्या गुहागर तालुक्यात घरोघर आगोटीची धावपळ सुरू होते. पडवीत लाकडं रचली जातात, अंगणात मिरच्या वाळत पडतात, सुकट-बोंबील डब्यांत भरून झाकणं घट्ट लावली जातात. घर चार महिन्यांची बेगमी करतं. दुकानाची अशी बेगमी मात्र मी कितीतरी वर्षं केली नाही. माल येईल तसा भरायचा, जाईल तसा विकायचा आणि जुलैत गल्ला रिकामा दिसला की "धंदा बसला" म्हणायचं. आता दर वर्षी मेमध्ये मी दुकानाचीही आगोट भरतो. खाडीपट्ट्यात, बंदराजवळ किंवा पर्यटकांच्या वाटेवर ज्यांचं किराणा-जनरल स्टोअर आहे, त्यांच्यासाठी ही सगळी तयारी क्रमाने लिहितो आहे.

पहिलं काम दुकान बंद झाल्यावर वही घेऊन बसण्याचं. धंदा कमी झाला हे सगळ्यांनाच कळतं. तो कशाने कमी झाला हे शोधायला एक संध्याकाळ द्यावी लागते. नेहमीची दहा घरं निवडा. त्यांनी या एप्रिलात काय नेलं आणि मागच्या एप्रिलात काय नेलं होतं, ते शेजारी शेजारी लिहा. सगळ्याच जिनसा थोड्या थोड्या घटल्या असतील, किलोचं अर्धा किलो आणि बाटलीचं पाऊच झालं असेल, तर त्या घरात पैसा कमी आला आहे. आंबा कमी लागला असेल किंवा होडीचा वाटा कमी पडला असेल. पण तांदूळ, साखर, मीठ पूर्वीइतकंच जातंय आणि साबण, पावडर, लहान मुलांचे डायपर एकदम थांबलेत, तर पैसा आहे, तो दुसरीकडे जातो आहे. त्या वस्तू चिपळूणच्या मोठ्या दुकानातून येत असतील, नाहीतर पार्सलने. तिसरा प्रकार नुसत्या तारखेचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, त्या ६१ दिवसांत बंदरावरचं गिऱ्हाईक कमी होणारच. त्याला मंदी म्हणू नका, ते पंचांग आहे.

या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीचा उपाय केला तर पैसा जातो. मला हे उशिरा कळलं. लोकांची सवय बदलली होती तेव्हा मी भाव उतरवत बसलो, आणि लोकांच्या हातात पैसाच नव्हता तेव्हा महागडी नवी बिस्किटं आणून ठेवली.

मग फळ्या उतरवायच्या. खरोखर उतरवायच्या, नुसती नजर फिरवून चालत नाही. गेल्या साठ दिवसांत ज्याचं एकही पाकीट गेलं नाही, तो माल एका बाजूला काढा आणि त्यात किती रुपये अडकलेत त्याची बेरीज करा. समजा एका खोक्यात २,४०० रुपये आहेत आणि मार्जिन १० टक्के. खोकं पंधरा दिवसांत संपलं तर महिन्यात दोन फेऱ्या होतात आणि ४८० रुपये सुटतात. तेच खोकं सहा महिने पडून राहिलं तर २४० रुपये सहा महिन्यांत, म्हणजे महिन्याला ४०. सेल्समन "दहावर एक फ्री" सांगतो तेव्हा हा हिशोब डोक्यात ठेवा. अकरावं पाकीट फुकट असतं, पण आधीच्या दहांत आपला पैसा असतो. हा बाजूला काढलेला माल मेमध्येच, चाकरमानी गावात असताना, खरेदीच्या भावाला काढून टाका. जूनमध्ये तो कोणी घेत नाही आणि पाऊस त्याची नासाडी करतो.

पावसाचा उल्लेख आलाच आहे तर ओलीचं काम इथेच उरकून घ्यावं. पोती जमिनीवर नकोत, फळकुटावर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. पापड, चिवडा, काडेपेट्या, गूळ, मीठ हे लहान लॉटमध्ये मागवा. डाळी-कडधान्यं झाकणाच्या पिंपात भरा. एक्स्पायरीचा माल परत घेणार की नाही, आणि तारखेच्या किती आधी घेणार, हे माल पुरवणाऱ्या एजन्सीकडून बिलावरच लिहून घ्या. सेल्समन बदलला की तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातो.

आता उधारी. या यादीतलं सगळ्यात नाजूक काम हेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या मध्यावर माझ्याकडे एजन्सीला द्यायला पैसे नव्हते. घाबरून मी एक दिवस उधारी बंद केली. एका खलाशाच्या घरची बाई साखर आणि चहापत्ती न्यायला आली होती, तिला मी चार माणसांदेखत "मागचं दिल्याशिवाय नाही" म्हटलं. ती काही बोलली नाही. ऑगस्टमध्ये होडी लागली, पहिल्या वाट्यातून तिने माझी पै न पै आणून दिली, आणि नंतर तीन वर्षं त्या घरातलं पोरगंसुद्धा माझ्या पायरीवर आलं नाही. पैसे बुडवणारं ते घर नव्हतं. त्यांचे पैसे कधी येणार हे मला माहीत होतं, फक्त तोपर्यंत थांबण्याची तयारी मी मेमध्ये केली नव्हती. त्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून उधारीचं बोलणं मी मेच्या शेवटच्या आठवड्यात करतो, जेव्हा समोरच्याच्या हातात पैसा असतो आणि मान ताठ असते. दुकानात नाही, त्याच्या पडवीत बसून. मागचं खातं मिटवायचं, पुढच्या दोन महिन्यांची मर्यादा दोघांनी मिळून ठरवायची आणि ती मर्यादा तांदूळ, डाळ, तेल, चहा, साखर, मीठ, मसाला, औषधासाठी लागेल ती किरकोळ रक्कम, एवढ्यासाठीच ठेवायची. थंड पेय आणि वेफर्स रोखीने. फेडीचा वायदाही तेव्हाच. पण "नारळी पौर्णिमेला" एवढंच म्हणून सोडू नका, पंचांग बघा. २०२५ साली पौर्णिमा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच आली, तर २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती थेट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जाते. गणपतीचंही तसंच. २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. मधले अठरा दिवस आपल्याला जास्तीचे काढायचे आहेत, आणि सणाचा माल मागच्या वर्षीच्या तारखेने उचलला तर एजन्सीचं बिल गिऱ्हाईक येण्याच्या आधी दारात उभं राहील.

खात्यावर सही घ्या. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मुदतीच्या आत देणेकऱ्याने सही करून बाकी मान्य केली तर ती तिथून पुन्हा मोजली जाते. कोर्टात जाण्याची वेळ गावात सहसा येत नाही, येऊही नये. पण सही असली की दोन्हीकडच्या आठवणीत वाद राहत नाही.

आणि बेरीज करा. वीस घरं, प्रत्येकी तीन हजार, म्हणजे साठ हजार रुपये जून-जुलैत आपल्याकडून बाहेर जाणार. एजन्सी आपल्याला सात दिवस देते, फार तर पंधरा. आपण देतो सत्तर-ऐंशी दिवस. हा फरक कुठून भरणार? मेच्या गल्ल्यातून साठ हजार वेगळ्या खात्यात टाकता आले तर उत्तमच. नाही आले तर घरं कमी करू नका, मर्यादा सगळ्यांची सारखी खाली आणा. बँकेकडे जायचं तर एप्रिलमध्येच जा. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. ते रोजच्या खेळत्या भांडवलासाठी घ्या, दुकानाला नवं फर्निचर करण्यासाठी मंदीच्या तोंडावर घेऊ नका.

सवय बदललेल्या गिऱ्हाइकाचा विचार यानंतर, शांतपणे करायचा. मॉलच्या किंवा ऑनलाइनच्या साबणाच्या भावाशी आपण लढू शकत नाही. आपल्याला माल ज्या भावाला पडतो, त्या भावाला ते विकतात. तिथे फक्त चालणाऱ्या दोन-तीन वस्तू ठेवून बाकी फळी मोकळी करा. ती मोकळी झालेली फळी कोणाला द्यायची, हे गावात फिरून बघा. आंब्याच्या बागांत नेपाळहून आलेले राखणदार कुटुंबासह आठ-आठ महिने राहतात, त्यांना मोहरीचं तेल आणि आटा लागतो, त्यासाठी ते किती लांब जातात हे एकदा विचारा. वेळणेश्वर, हेदवी, गुहागरच्या बाजूला घरगुती राहण्याची सोय करणारे वाढले, त्यांना दर शुक्रवारी अंडी, दूध, पाव, पाण्याच्या बाटल्या, छोटे साबण दारात हवे असतात. पर्यटक एकदाच येतो. त्याची सोय करणारा वर्षभर इथेच असतो, म्हणून पहिलं नातं त्याच्याशी जोडा.

चाकरमान्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते मुंबईहून येताना सामान घेऊन येतात म्हणून आपण कुरकुरतो. पण परत जाताना त्यांच्या गाडीत काय जातं? कुळथाचं पीठ, आगळ, आमसुलं, काजूगर, फणसपोळी, उकडे तांदूळ, तिरफळं. हे मुंबईच्या मॉलमध्ये आपल्यासारखं मिळत नाही. गावातल्या बचत गटाच्या बायकांशी मार्चमध्येच बोला, किती किलो आणि कोणत्या भावाने ते ठरवा, थोडे आगाऊ पैसे द्या. पाकिटावर करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, तारीख, किंमत आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक असलाच पाहिजे. गावचा माल म्हणून त्यात सूट नाही.

चाकरमान्यांच्या मागे गावात राहिलेल्या आईवडिलांकडे तर कोणाचंच लक्ष नाही. आमच्या वाडीत निम्म्या घरांत दोनच म्हातारी माणसं राहतात. मुलगा डोंबिवलीत किंवा विरारला. त्या मुलाचा नंबर घ्या, महिन्याच्या सामानाची यादी व्हॉट्सॲपवर ठरवा, तो तिथून यूपीआयने पैसे पाठवील आणि आपण सामान चुलीपर्यंत नेऊन ठेवायचं. जाताना गॅस संपत आलाय का, बल्ब गेलाय का, एवढं विचारायचं. हे गिऱ्हाईक मासेमारी बंदीत घटत नाही आणि आंब्यावर अवलंबून नाही, कारण पगार मुंबईचा आहे. पण मी हे काम केवळ त्यासाठी करत नाही. पावसात एखाद्या काकींच्या घरी दिवसभरात आपण एकटेच गेलेले असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. वजनकाट्याचा शिक्का, अन्न सुरक्षा नोंदणीची मुदत तपासा. फक्त मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांवर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला उलाढालीच्या १ टक्का भरावा लागतो. घरचे आणि दुकानाचे यूपीआय वेगळे ठेवा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा ज्यांच्याकडे हिशोब नव्हता त्यांचे हाल झाले. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं तेव्हा आठवून बघा, ज्यांच्या माळ्यावर जुन्या किमतीचा माल कमी होता तेच निवांत होते.

वादळ-पुराची तयारी शेवटी लिहितोय, पण ती मेच्या मध्यापर्यंत झालेली हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा उत्तरेकडे दापोली-मंडणगड-श्रीवर्धन भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे मोबाइल नाही, आणि मोबाइल नाही म्हणजे यूपीआय नाही. सुट्टे पैसे, मेणबत्त्या, सेल, ताडपत्री, दोरी जवळ असू द्या आणि त्या दिवशी भाव एक रुपयाने वाढवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा आमच्या गावात पाणी नव्हतं, पण सगळा ठोक माल तिथूनच येत असल्यामुळे आमचीही दुकानं रिकामी झाली. म्हणून दुसऱ्या बाजारपेठेतला एक ठोक व्यापारी धरून ठेवा, वर्षातून चार वेळा तरी त्याच्याकडून माल घ्या, म्हणजे अडचणीत तो आपला फोन उचलेल. विमा काढला नसेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी मागा. त्यात आगीबरोबर वादळ आणि पूरही येतात. मालाची किंमत कमी लिहू नका आणि दर महिन्याला फळ्यांचे फोटो व खरेदीची बिलं मोबाइलबाहेर कुठेतरी ठेवा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक फेरी बंदरावर मारायची. कायद्याने १ ऑगस्टला समुद्र खुला होतो, पण कोणती होडी लगेच निघणार आणि कोणती पौर्णिमेला नारळ वाहूनच, हे होडीचा म्होरक्या, तांडेलच सांगतो. होडीवर किती माणसं, किती दिवसांचा फेरा, तांदूळ-कांदे-तेल-चहा किती, काडेपेट्या किती, हे तिथेच लिहून घ्यायचं आणि प्रत्येक होडीचं पोतं नाव घालून आधीच बांधून ठेवायचं. होड्या पहाटे सुटतात. त्या आधीच्या रात्री कोणीतरी राहिलेलं काही मागायला येतंच, म्हणून दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवायचं आणि बाहेरचा दिवा लावून ठेवायचा.