'डेथ्स एंड' हिरमोड करतं तेव्हा ते कसं वाचावं

माझ्या भाच्याने 'डेथ्स एंड' अर्ध्यात मिटलं आणि म्हणाला, “मावशी, या बाईच्या हाती बटण दिलंच कशाला?” चिनी लेखक लिऊ त्सशिनच्या विज्ञानकादंबरी-त्रयीचा हा तिसरा भाग वाचून अनेकांचा असाच हिरमोड होतो. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि ही त्रयी मला फार प्रिय आहे, म्हणून पुस्तक कायमचं बाजूला ठेवण्याआधी ते असं वाचून बघा. पुढे सगळं कथानक उघड होणार आहे.

दुसरा भाग संपवून लगेच तिसऱ्याला हात घालू नका. 'द डार्क फॉरेस्ट' आपल्यापुरतं पूर्ण आहे: त्याचा नायक लुओ जी स्वतःचा जीव पणाला लावून पृथ्वीवर चालून येणाऱ्या परग्रहवासीयांना थोपवतो. तिसऱ्यात हाच विजय पुढे चालेल अशी आशा धरलीत, तर सुरुवातीच्या, १४५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यातच अडखळाल. शिवाय इंग्रजीत दुसऱ्या भागाचा अनुवाद जोएल मार्टिन्सनचा, पहिल्या आणि तिसऱ्याचा केन लिऊचा. हात बदलल्याचं जाणवतं.

आता बटण. ते दाबलं तर पृथ्वी आणि शत्रू दोघांचा ठावठिकाणा विश्वात जाहीर होऊन दोघांचा नाश ओढवणार, हाच तो धाक. चंग शिनवर, म्हणजे भाचा चिडला त्या नायिकेवर, चिडण्याआधी तिच्या निवडीची पानं पुन्हा वाचा. लुओ जीने अर्धं शतक शत्रूला धाकात ठेवलं, तर लोकांना तोच नकोसा झाला. त्यांना प्रेमळ माणूस हवा होता. एक तरुण आई आपलं बाळ चंग शिनच्या हातात देते. ती बटण दाबणार नाही हे शत्रूने ओळखलेलं असतं, म्हणून सूत्रं तिच्याकडे येताच काही मिनिटांत हल्ला होतो. माझा राग निवडणाऱ्यांवर आहे.

थॉमस वेड या तिच्या जुन्या वरिष्ठाच्या बाबतीत मात्र मी तिला माफ करत नाही. प्रकाशवेगाने जाणाऱ्या यानांचं काम ती थांबवायला लावते, दिलेल्या शब्दाला जागून तो थांबतो आणि त्याला देहदंड होतो. पुढे हल्ल्यात सूर्यमाला चित्रासारखी दोन मितींत सपाट होताना तशाच यानातून ती निसटते. याचा हिशेब लेखकाने पुरता दिलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

चंग शिनवर प्रेम करणारा युन थ्येनमिंग शत्रूकडे असतो आणि तिला सांगितलेल्या तीन परीकथांत माणसांसाठी गुपितं दडवतो. त्या परीकथा पेन्सिल घेऊन वाचा. शास्त्रज्ञ उलगडा करू लागले की थांबा आणि आधी स्वतः प्रयत्न करा. माणसांना चित्रात उतरवून नाहीसं करणारा चित्रकार कोण? साबणाचा तुकडा लावलेली होडी वल्ह्याविना पुढे का जाते? पाण्याचा ताण मागे कमी झाला की होडी पुढे ओढली जाते. आगपेटीच्या काडीच्या एका टोकाला साबण लावून परातीतल्या पाण्यावर सोडा, लगेच दिसेल. आता पाण्याच्या जागी अवकाश धरा. ही पानं घाईत उलटली, तर त्रयीतलं सर्वांत देखणं काम हातचं जातं.

युन थ्येनमिंगची आणि तिची भेट हुकते, मध्ये एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त वर्षं निघून जातात. तिथे वाईट वाटणारच. योगायोगावर इतका मोठा भार टाकायला नको होता.

त्यानंतरचं, युन थ्येनमिंगने तिला भेट दिलेल्या छोट्या विश्वाचं प्रकरण सोडू नका. मोठ्या विश्वाला त्याचं वस्तुमान परत हवं असतं, तरी चंग शिन आत जीवसृष्टी असलेल्या एका छोट्या गोलासाठी पाच किलो मागे ठेवते. बटण, वेड आणि हा गोल असे तिचे तिन्ही निर्णय शेजारी मांडून बघा. पाच किलोंनी पुढे काय बिघडलं ते लेखक सांगत नाही, त्यामुळे इथवर सोबत वाचणारं कुणीतरी जवळ असू द्या. वाद रंगतो.