पिस्तुलाच्या स्लाईडला क्रॅक गेला होता, असं निस्तरलं

नेमबाजी स्पर्धांच्या ओपन डिव्हिजनमध्ये (बदल केलेली पिस्तुलं चालतात तो गट) नाईन एमएम मेजर, म्हणजे जास्त जोराची काडतुसं, मारणाऱ्यांनी आणि ज्यांच्या पिस्तुलातून भरपूर राऊंड गेलेत त्यांनी इजेक्शन पोर्टचे, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीचे, कोपरे नीट बघाच. माझ्या स्लाईडवर (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) तिथेच केसाएवढी रेघ दिसली, आधी वाटलं कार्बन असेल, पण सॉल्व्हंटने घासलं तरी जाईना आणि नखालाही काही लागेना. मग डाय पेनिट्रंट (तड्यात मुरणारा रंग) मारलं, लाल रंग थोडा वेळ मुरू दिला, पुसून वरून पांढरा डेव्हलपर, तर कोपऱ्यातून लाल रेघ चक्क वर चढत गेलेली!

त्या क्षणापासून शूटिंग बंद. हा फटिग क्रॅक, म्हणजे वारंवार ताण येऊन गेलेला तडा, तो थांबत नाही, वाढतच जातो. प्रत्येक शॉटला स्लाईड मागे फ्रेमवर आदळते, रिकॉइल स्प्रिंग (स्लाईडला परत पुढे ढकलणारी) दमलेली असली की जास्तच जोरात, आणि सगळा ताण टोकदार कोपऱ्यात जमतो. त्यात वजन कमी करायला स्लाईडला खिडक्या पाडलेल्या, म्हणजे धातूच कमी.

वेल्डिंग करून घे असं सांगणारे भेटतात, अजिबात ऐकू नका, उष्णतेने हीट ट्रीटमेंट (धातूला तापवून दिलेली मजबुती) जाते आणि वेल्डच्या शेजारी परत तडा जातो. मी सरळ नवी स्लाईड घेतली, खिडक्या कमी, कोपरे गोलाई दिलेले, गनस्मिथकडून बॅरल लग्ज (नळीला स्लाईडमध्ये अडकवणारे उंचवटे) फिट करून हेडस्पेस (नळीत काडतूस बसायची जागा) तपासून घेतला. स्प्रिंग आता ठरल्या राऊंडला बदलतोच, चांगली वाटली तरी. आणि दर सफाईला टॉर्च नि भिंग घेऊन पोर्टचे कोपरे, स्लाईड स्टॉपची (स्लाईड मागे अडकवून ठेवणाऱ्या खटक्याची) खाच आणि आतल्या लग्जच्या खाचा बघतो.